अंगावरचं काढा

माणसाची परीक्षा त्याने आयुष्यात काय मिळवले यावरून होत नाही, तो काय उतरवून ठेवू शकतो यावरून होते, असे थोर लोक सांगत आले आहेत. मला हे ज्याने पहिल्यांदा सांगितले तो थोर नव्हता, आणि त्याचा सगळा रोख माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे होता.

"आंगावरचं काढा, मंग बोला."

वर्ध्याच्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात मी भांडाराचा बाबू म्हणून लागलो, त्याला तेव्हा जेमतेम दोन तास झाले होते. शेडच्या मागे पत्र्याचा आडोसा करून एक जागा वेगळी काढलेली होती. मोटारींचा रंग घोटून त्याला चकाकी आणण्याचे काम तिथे चाले. मी नुसता पाहायला गेलो होतो. रुंद खांद्यांचा, पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस बाह्या नसलेली बंडी घालून एका मोटारीच्या दारावर विजेचे यंत्र फिरवत होता. मी दहा पावलांवर पोचलो तसे त्याने यंत्र बंद केले आणि भिंतीवरच्या एका लांब खिळ्याकडे बोट केले.

घड्याळ सासऱ्यांनी दिलेले होते. मी म्हणालो, "मी लांबूनच पाहतो."

"लांबून पाहाले सिनेमा हाय नं गावात."

मी घड्याळ काढून खिळ्याला अडकवले. मग अंगठी काढून खिशात टाकली. त्याची नजर माझ्या गळ्याशी आली. सदऱ्याचे वरचे बटण उघडे होते.

"आतलंही."

"ते जानवं आहे," मी म्हणालो. "ते आत असतं."

"उभं हाय तंवर आत. वाकलं का बाहेर येते."

मी घड्याळ घेऊन परत फिरलो. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला सुधारक समजत असे. कॉलेजच्या वादसभेत जातिभेदाविरुद्ध मी दोनदा बोललो होतो आणि एकदा बक्षीस म्हणून मला फाउंटन पेन मिळाले होते. पण आंजीकडच्या एका खेड्यातून आलेल्या, आणि त्यातही गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाने मला जानवे काढायला सांगावे, हे त्या वादसभेच्या विषयात नव्हते.

पुढची तीन वर्षे आमचे वैर राहिले. ते एकतर्फी होते असे सांगायला मला आवडले असते, पण तसे नव्हते. तोही मनापासून माझा दुस्वास करत असे.

कारखान्यात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्या यंत्राला तो बफ म्हणे. जड मुठीचे ते यंत्र, पुढे एक गोल तबकडी आणि तिच्यावर मेंढीच्या लोकरीची टोपी. बटण दाबले की तबकडी अशी फिरे की लोकर दिसायचीच थांबे. लढाईच्या काळात कलकत्त्याकडे लष्कराच्या मोटारींच्या डेपोत तो हे काम शिकला होता. तिथून येताना त्याने खाकी अर्धी चड्डी, तुटक हिंदी आणि कोणालाही न भिण्याची खोड एवढे आणले होते. पहिल्या दोन गोष्टी कारखान्याने चालवून घेतल्या.

रोज सकाळी आल्या आल्या तो गळ्यातला काळ्या दोऱ्याचा ताईत काढून त्या खिळ्याला अडकवी. म्हणजे नियम स्वतःलाही होता. मला याचाच जास्त राग यायचा. जो माणूस स्वतःचा नियम मोडत नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

तक्रारी मी केल्याच. पहिली कापडाची. पुसायला मी मऊ कापडाचा तुकडा काढून दिला, तो द्यायच्या आधी माझ्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने पाहिले होते.

"हे पडलतं."

"झटकून दिलं आहे."

"तुमी झटकलं. खड्यानं आयकलं का?" असे म्हणून त्याने तो तुकडा माझ्या टेबलावर, शाई वाळत असलेल्या कागदावर फेकला.

दुसरी तक्रार एका ड्रायव्हरने माझ्याकडून लिहून घेतली. गाडी केळझरच्या गणपतीला जाऊन आली होती आणि धुळीने माखली होती. ड्रायव्हर म्हणाला, फडका मारून घे आणि लाव मशीन. मिस्त्रीने गाडी दोनदा पाण्याने धुवायला लावली, मग सावलीत उभी करून पत्रा गार होईपर्यंत त्याला तासभर बसवून ठेवले.

"काऊन बे, गाडीले ताप आला का?" ड्रायव्हरने विचारले.

"धुळीवर मशीन फिरवली तं पालिश नाई होत, खरवडनं होते. अन् तापल्या पत्र्यावर फिरवली तं रंग जळते. तुले काय, तुले तं गाडी बाहेरून दिसत नाई, तू आत बसते."

तिसरी तक्रार एका बड्या अधिकाऱ्याची. ते आपली गाडी पाहायला आले, टाय लावून. मिस्त्रीने खिळ्याकडे बोट केले. साहेबांनी इंग्रजीत कारण विचारले, मी मराठीत सांगितले, आणि मिस्त्रीने वऱ्हाडीत उत्तर दिले.

"मशीनले साहेब कळत नाई. तिले लोंबते तेवढं कळते."

याचे इंग्रजी मी केले नाही. साहेबांनी टाय काढली. ती काढल्यावर ते कोणासारखेही दिसू लागले. मला वाटते, लोकांचा खरा राग याच गोष्टीचा होता. तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. त्यांच्यापुढे उभे राहिले की आपण जे घालून आलो आहोत तेवढेच आहोत की काय, अशी शंका येते.

मालकांनी तिन्ही तक्रारी ऐकून घेतल्या. ते व्यापारी घराण्यातले, गोड बोलणारे गृहस्थ होते. हो म्हणायची त्यांना सवय होती आणि ते सगळ्यांनाच हो म्हणत, त्यामुळे कोणाचेच काही होत नसे. शिवाय सगळ्या जिल्ह्यात हे यंत्र नीट चालवणारा दुसरा माणूस नव्हता.

काम मात्र पाहण्यासारखे होते. मी ते भांडाराच्या खिडकीतून पाही, तिथपर्यंत त्याचा कायदा पोचत नव्हता. यंत्राची वायर तो खांद्यावरून पाठीमागे सोडी, म्हणजे ती तबकडीखाली येऊ नये. रबिंगचा लेप बोटभरच घेई. एका वेळी परातीएवढा भाग. तबकडी आधी पत्र्यावर टेकवी, मग बटण दाबी. उचलायच्या आधी बटण सोडी. दाबून धरणे नाही, एका जागी थांबणे नाही. जिथे पत्रा वळतो, जिथे धार असते, तिथे तो आधीच कागदाच्या पट्ट्या चिकटवून ठेवी. एकदा त्याने एका मेकॅनिकला सांगितलेले मी ऐकले: "धारेवर रंग पातळ असते. तिथं मशीन थांबली का खालचं लोखंड हासते." दर दहा मिनिटांनी लोकर फणीने विंचरी. स्वतःच्या डोक्याला त्याने कधी फणी लावलेली मी पाहिली नाही.

छप्पन सालच्या पावसाळ्यानंतर मालकांनी कलकत्त्याहून नवे, मोठे यंत्र मागवले, आणि आता त्याचे उद्घाटन व्हायला हवे असे त्यांच्या मनाने घेतले. त्या वर्षांत आपल्याकडे उद्घाटन केल्याशिवाय काहीच सुरू होत नसे. मुहूर्त खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा होतच असे. हस्ते अण्णासाहेबांच्या. अण्णासाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांची काळी मोटार दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मिरवणुकीत पुढे असायची होती. तेव्हा तीच मोटार, तेच यंत्र, तेच हात, असे मालकांनी जुळवले. संगमरवराची कोनशिलाही आधीच कोरून आणली. यंत्र भिंतीत बसवायचे नव्हते तरी शिला भिंतीत बसवता येते, हा त्यांचा विचार होता.

मिस्त्री भांडाराच्या दारात उभा होता तेव्हा मालक माझ्यापाशी बसले होते. तो म्हणाला, "दसऱ्याले नागपूरले जाऊन राह्यलो, मालक. घरचे सारेच जाऊन राह्यले. तीन दिवस नाई येत."

त्या दसऱ्याला नागपूरला कोण जात होते आणि कशासाठी, हे सांगायची गरज नव्हती. आठ दिवस वर्ध्याच्या कापडाच्या दुकानांत पांढरे कापड मिळेनासे झाले होते.

"जा ना भाऊ," मालक म्हणाले. "पण नवमीचं काम नीट पार पडू दे. अण्णासाहेबांना एक शब्द जरी वाकडा बोललास, तर मग नागपूरहून इकडे येऊच नको. मी तोंडावर सांगून राह्यलो."

"दोन गोष्टी मायाही आयका. लोकरीवर तांदूळ-कुंकू नाई लावाचं. अन् सायेबाले आंगावरचं काढा लागन."

"हो हो," मालक म्हणाले.

खंडेनवमीला सकाळी काळी मोटार आडोशात उभी होती. मिस्त्रीने दोन दिवस खपून तिचा रंग असा आणला होता की बॉनेटवर वाकून पाहिले तर आपलाच चेहरा विहिरीत दिसावा तसा दिसे. शेवटचा हात फिरवण्यापुरते टीचभर काम त्याने समारंभासाठी मुद्दाम ठेवले होते. त्याने जागा आखून ठेवली होती, धारांना पट्ट्या लावल्या होत्या आणि बाहेर नळावर हात धुवायला गेला होता. तेवढ्यात गुरुजींनी नव्या यंत्राच्या शुभ्र लोकरीवर हळद, कुंकू आणि मूठभर ओल्या अक्षता थापल्या.

तो परत आला. यंत्राकडे पाहिले. मग मालकांकडे.

"गाडीवर रांगोळी निघन," तो म्हणाला.

"चालतंय रे, दोन मिनिटांचं काम," मालक हळूच म्हणाले.

अण्णासाहेब आले. अंगावर पायघोळ जरीचे उपरणे, गळ्यात झेंडूचे दोन हार, छातीवर स्वागत समितीची रेशमी फीत. टाळ्या झाल्या. फोटोवाला नेम धरून उभा राहिला. अण्णासाहेबांनी विजेच्या युगावर चार वाक्ये बोलून यंत्राकडे हात केला. मिस्त्री मध्ये आला.

"साहेब, आंगावरचं काढा."

पन्नासेक माणसे होती.  मागून आवाज आला, "अबे, कोनाले म्हनून राह्यला तू?" दुसरा म्हणाला, "उद्या नागपूरले चालला नं, आजपासूनच चढली." पाचसहा जण हसले, पण तो हसण्याचा आवाज नव्हता.

"हार काढाचा अन् उपरनं काढाचं," मिस्त्री म्हणाला. "फोटो झाल्यावर पुन्हा घाला. मले त्याचं काई नाई."

अण्णासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी मालकांकडे पाहिले. मालकांनी मिस्त्रीला बाजूला व्हायची खूण केली. तो बाजूला झाला, भिंतीपाशी गेला, विजेच्या फळीवरचा चिनी मातीचा फ्यूज काढला आणि चड्डीच्या खिशात टाकला.

आता मालकांनी माझ्याकडे पाहिले.

भांडारात दुसरा फ्यूज होता. तो कोणत्या खणात आहे हे मला डोळे मिटून सांगता आले असते. मला कोणी ढकलले नाही, कोणी काही बोलले नाही. मी गेलो, फ्यूज आणला आणि लावला. तीन वर्षांपूर्वीच्या त्या घड्याळाचा हिशेब फिटला असेच मला त्या क्षणी वाटले, हे मी लपवत नाही. मिस्त्रीने माझ्याकडे एकदा पाहिले. मग त्याने यंत्राची वायर भिंतीपाशी उचलली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

अण्णासाहेबांनी यंत्र उचलले आणि हवेतच बटण दाबले.

आधी अक्षता उडाल्या. त्या इतक्या वेगाने कोणत्याही लग्नात पडल्या नसतील. गुरुजींनी डोळे झाकले, फोटोवाला खाली बसला, कुंकवाचा एक पट्टा मालकांच्या कोटावर उमटला. अण्णासाहेब दचकले, आणि दचकलेला माणूस करतो तेच त्यांनी केले. हातातली वस्तू छातीशी घट्ट धरली.

झेंडूचे हार एका क्षणात गेले. मग उपरणे गेले, पण ते गळ्याभोवती होते. यंत्र उपरण्यावरून वर चढू लागले. अण्णासाहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो भाषणातला नव्हता.

मिस्त्रीने वायर भिंतीतून उपटली. यंत्र त्यांच्या हनुवटीखाली चार बोटांवर येऊन फिरायचे मंदावले, थांबले आणि त्यांच्या हातातून सुटून उपरण्याला लोंबू लागले. त्याच्या ओझ्याने फास आणखी आवळला. मिस्त्री दोन ढांगांत तिथे पोचला. कागदाच्या पट्ट्या कापायचे पाते त्याच्या कमरेला असे. त्याने ते जरीचे उपरणे गळ्यापाशी कापले. यंत्र बॉनेटवर आदळले. त्याची जड मूठ बॉनेटच्या धारेवरची पट्टी आणि रंग खरवडत गेली, आणि तिथे खाली चांदण्यासारखे पांढरे लोखंड दिसू लागले.

अण्णासाहेबांना एका स्टुलावर बसवले. पाणी दिले. श्वास परत आल्यावर ते पहिले वाक्य बोलले.

"याला कामावरून काढा."

कारण उपरणे सत्काराचे होते, आणि ते कापले होते.

मिस्त्रीला त्याच ठिकाणी काढले. त्याने खिशातला फ्यूज काढून माझ्या हातात ठेवला, बंडीवर सदरा चढवला आणि निघाला. ताईत खिळ्यावरच राहिला. संध्याकाळी गवंड्याने कोनशिला बसवली. आणलेली होती, म्हणून बसवली. दसऱ्याला काळी मोटार मिरवणुकीत पुढे होती. बॉनेटच्या खरचटल्या जागेवर झेंडूचा जाड हार टाकला होता.

चौथ्या दिवशी तो आपले सामान न्यायला आला. सदरा पांढरा, धोतर पांढरे. मी पहिल्यांदाच त्याला खाकीशिवाय पाहत होतो. मालक समोर आले नाहीत, त्यांनी माझ्याकडून निरोप दिला: अण्णासाहेबांची माफी माग, मग ठेवून घेतो. निरोप खरा होता. गावातला एक रंगारी आणून पाहिला होता, त्याने पहिल्याच तासात दुसऱ्या एका मोटारीचा मडगार्ड लोखंडापर्यंत हसवला होता.

"माफी कायची?" तो म्हणाला. "जगले त्याची?"

 "फ्यूज मी लावला," मी म्हणालो.

"मले मालूम हाय. मी काय आंधळा होतो?"

"तुम्ही तसं मालकांना सांगा. माझं नाव सांगा."

तीन वर्षांत मी त्याला 'तुम्ही' म्हणायची ही पहिली वेळ. त्याच्या ते ध्यानात आले असावे, पण त्यामुळे तो काही नरमला नाही.

"तुमी नौकरी संभाळली, बाबू. शिकल्या मानसानं संभाळाच लागते," तो म्हणाला. मग त्याने लोकर विंचरायची फणी पिशवीत टाकता टाकता परत काढली. "या इकडं. उद्या हे मशीन कोनी ना कोनी चालवन. त्याले सांगाले कोनी पाह्यजे."

"मीच का?"

"फ्यूज तुमालेच लावता येते."

मी आडोशात गेलो. त्याने खिळ्याकडे बोट केले. मी घड्याळ काढले. अंगठी काढली. मग सदऱ्यात हात घालून जानवे काढले आणि खिळ्याला, त्याच्या ताइताशेजारी अडकवले. आभाळ कोसळले नाही. त्याने वायर माझ्या खांद्यावरून मागे टाकली.

"टेकवा. आता बटन. दाबू नका, ते तुमच्या टेबलावरलं रजिष्टर नाई. चालते राहा. चालते राहा! थांबलं का जळलं." धारेजवळ गेलो तसा त्याने माझ्या कोपरावर एक फटका मारला. "मशीन धारेवरून बाहेर गेली पाह्यजे, आत नाई. आवाज आयका. आवाज बसला का तुमी दाबून राह्यले." मुठीतून चढणारी थरथर खांद्यापर्यंत गेली. एवढी ओढ असलेले जनावर हा माणूस दिवसभर कसा धरत असेल, असे माझ्या मनात आले. त्याला तसे म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, बोलू नका, पाहा.

दहा मिनिटांनी त्याने यंत्र माझ्या हातून घेतले. पत्र्यावर मी केलेले वर्तुळ पाहिले आणि म्हणाला, "बेकार हाय. पन बोटं हायेत."

तो निघाला. मी म्हणालो, "तुमचा ताईत राहिला."

तो दारात थांबला. खिळ्याकडे पाहिले. गळ्यापाशी हात नेला, आणि तिथे काही नव्हते.

"राहू द्या," तो म्हणाला. "आता नाई लागत."

पुढे तो नागपूरला कुठल्याशा कारखान्यात लागल्याचे कळले. मी दोनदा नागपूरला गेलो तेव्हा त्याला शोधायचे ठरवले आणि दोन्ही वेळा शोधले नाही. काही वर्षांनी तो गेल्याचे आंजीकडून आलेल्या एका माणसाने सांगितले. दहाही बोटे शाबूत असताना गेला, असे तो आपण होऊन म्हणाला. म्हणजे त्याचा तो नियम गावातही ठाऊक होता.

त्याने सांगितलेले मी कागदावर लिहून आडोशाच्या भिंतीला चिकटवले होते. रबिंगच्या डागांनी तो कागद वर्षभरात वाचण्यापलीकडे गेला. पण नवा माणूस आला की जुना माणूस खिळ्याकडे बोट करतो, ते अजून चालू आहे. मी निवृत्त झाल्यावर एकदा सहज गेलो होतो. खिळ्यावर तीन सदरे, एक घड्याळ, एक माळ आणि तो ताईत टांगलेला होता.

कोनशिला त्या खिळ्याच्या बरोबर खाली आहे. तिच्यावरचे नाव वाचायचे असेल, तर काम सुटेपर्यंत थांबावे लागते.